इस्तंबूलमध्ये एका दिवसात मशिदी आणि राजवाडा, जमेल का?

प्रवासवेडी: नमस्कार मंडळी, एप्रिलमध्ये ग्रुप टूरने तुर्कीला चाललोय, आईबाबा पण आहेत बरोबर. इस्तंबूलला एकाच दिवसात, तेही शुक्रवारी, सकाळी ब्लू मॉस्क मग हागिया सोफिया मग दुपारी तोपकापी राजवाडा असं कोंबलंय सगळं. होतं का एवढं? कपड्यांचं काय करायचं आणि आईचे गुडघे दुखतात, चढ बराच आहे का?

भटक्या: शुक्रवारी सकाळी ब्लू मॉस्क? जुम्याच्या नमाजामुळे पर्यटकांना दुपारपर्यंत सोडतच नाहीत आत, अडीचच्या आसपास उघडते. टूरवाल्यांना सांगून क्रम उलटा करून घ्या, सकाळी तोपकापी (तो मंगळवारी बंद असतो, शुक्रवारी चालू) आणि मशिदी दुपारनंतर, सगळं चालत जायच्या अंतरावरच आहे. आणि हागिया सोफियाचं तिकीट पॅकेजमध्ये धरलंय का ते लेखी विचारा. २०२४ पासून परदेशी पर्यटकांना २५ युरो लागतात आणि फक्त वरच्या गॅलरीत जाता येतं, खालचा मजला नमाजाला. ब्लू मॉस्क फुकट.

निवांत: वरच्या गॅलरीला नाकं मुरडू नका हो, मूळचं चर्च ना ते, जुनी मोझेक चित्रं तिथेच तर आहेत! येशू, मेरी आणि योहानाचं ते अर्धं पडलेलं मोझेक बघाच, खालचा भाग गेलाय पण चेहरे काय जिवंत आहेत. संगमरवरी कठड्यावर कुणा व्हायकिंगने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, म्हणजे ही खोड तेव्हापासूनची 😄 फक्त वर जायची वाट दगडी, उंचसखल चढणीची आहे, आईंना सावकाश न्या. घुमटाची डागडुजी चालू असल्याने आत परांची दिसेल, फोटोची फार आशा नको.

प्रवासवेडी: बापरे, बरं झालं विचारलं. आणि कपडे?

भटक्या: बायकांनी डोकं, खांदे झाकायचे, ओढणी चालते. पुरुषांची पण हाफ पँट नको. बूट काढायला लागतात म्हणून लेसवाले टाळा, एक कापडी पिशवी आणि मोजे जवळ ठेवा, तीसजणांचे बूट एका ठिकाणी निघाले की जो गोंधळ होतो तो बघण्यासारखा असतो.

सुमा_ताई: माझं ऐका, फ्री टाइम मिळाला तर बाजारात न घालवता सुलेमानिये मशिदीत जा. सिनान या ऑटोमन वास्तुविशारदाने बांधलेली, १५५७ ची, गर्दी त्यामानाने कमी. दिव्यांची काजळी हवेच्या झोताने एका खोलीत जमावी अशी रचना केलेली आणि त्या काजळीची शाई बनवायचे म्हणे. ग्रुपबरोबर झेंड्यामागे पळताना हे असलं काही दिसत नाही. टेकडीवर आहे पण, आईंसाठी टॅक्सी करा, मागच्या अंगणातून गोल्डन हॉर्नची खाडी दिसते, तिथे बसवा त्यांना निवांत.