पर्यावरणपूरक उत्पादनरचना: संपूर्ण उद्योगाने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न:
लहान घरगुती उपकरणांच्या देशभरातील उत्पादकांनी पर्यावरणपूरक उत्पादनरचना, म्हणजे आरेखनापासूनच उत्पादनाचा पर्यावरणावरील भार कमी करण्याची पद्धत, स्वीकारावी, असा ठराव आमच्या उत्पादक संघाने केला आहे. मात्र बैठकीतील चर्चा दर वेळी कागदी वेष्टनापाशी येऊन थांबते. सर्वांनी आधी पर्यावरणपूरक रचनेच्या कामाची व्यवस्था लावणारे आयएसओ १४००६ हे आंतरराष्ट्रीय मानक घ्यावे, सरकारकडे बंधनकारक निकषांची मागणी करावी, की थेट उत्पादनालाच हात घालावा?

उत्तर १:
उत्पादनालाच हात घालावा, असे मी अनुभवावरून सांगतो. आम्ही आमचेच एक उपकरण टेबलावर खोलले, तेव्हा एका कवचात तीन मापांचे स्क्रू निघाले, प्लास्टिकमध्ये गरम करून दाबलेले पितळी इन्सर्ट (स्क्रू बसवण्यासाठीच्या आटेदार नळ्या) होते आणि मुठीवरचे रबर प्लास्टिकवरच ओतलेले असल्यामुळे ते काही केल्या सुटेना. शिवाय कवच काळे होते, आणि काजळीने रंगवलेले प्लास्टिक पुनर्चक्रीकरणासाठी प्लास्टिक वेगळे करणाऱ्या, अवरक्त किरणांवर चालणाऱ्या वर्गीकरण यंत्रांना ओळखता येत नाही. हे सारे कारखान्यात माल तयार होण्याच्या कितीतरी आधी, आरेखनावरच ठरलेले होते. स्क्रू आणि रंग आम्ही लगेच बदलले. मुठीसाठी नवा साचा लागणार होता, म्हणून जुन्या साच्याचे आयुष्य संपेपर्यंत थांबलो. तसे थांबण्यात मला गैर वाटत नाही.

उत्तर २:
वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. रोज तासन्‌तास चालणाऱ्या उपकरणाचा पर्यावरणावरील मोठा भार बहुधा वापरातील विजेचा असतो, तर क्वचित वापरल्या जाणाऱ्या उपकरणात कच्च्या मालाचे पारडे जड होते. म्हणून खोलण्यापूर्वी ढोबळ का होईना, जीवनचक्र मूल्यमापन, म्हणजे कच्च्या मालापासून उपकरण टाकून देईपर्यंतच्या भाराचा हिशेब, करावे. आयएसओ १४००६ हे मानक कामाची व्यवस्था कशी लावावी ते सांगते, उत्पादन किती चांगले असावे ते सांगत नाही. ते काम निकषांचे आहे. युरोपीय संघाने बंद अवस्थेत उपकरणाने खेचायच्या विजेची मर्यादा २०१० मध्ये १ वॅट आणि २०१३ मध्ये ०.५ वॅट केली. नियम सर्वांना सारखा आणि मुदत आधीच जाहीर असल्यामुळे सुधारणा करणारा स्पर्धेत मागे पडण्याची भीती उरली नाही.

उत्तर ३:
मी सुटे भाग पुरवतो. आरेखन ग्राहक कंपनीचे, कच्चा माल तिनेच ठरवलेला आणि निविदा सर्वांत कमी दराची, अशा स्थितीत माझ्यासारख्याने रचना सुधारावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्यातच प्रत्येक कंपनी घातक पदार्थांची माहिती वेगळ्या नमुन्यात मागते. संघाने एकच नमुना ठरवला आणि आरेखन पक्के होण्यापूर्वी पुरवठादाराला चर्चेला बोलावले, तर इन्सर्टशिवाय जोड कसा बसवायचा हे आम्हीच दाखवू शकतो.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढील बैठकीत प्रत्येक सभासदाने आपले एक उपकरण आणावे आणि ते पुरवठादारांसमोर खोलावे, असा प्रस्ताव मांडत आहे. माहितीच्या सामायिक नमुन्याचा मसुदा मी स्वतः तयार करीन.