चेस्टरफील्डच्या चर्चचा स्पायर पिळला कसा आणि अजून उभा कसा?

शेफील्डवासी
नमस्कार मंडळी, इथे इंग्लंडमधे शेफील्डहून डर्बीला ट्रेनने जाताना चेस्टरफील्ड लागतं, तिथे खिडकीतून सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्च दिसतं आणि त्याचा स्पायर, म्हणजे टॉवरवरचा उंच टोकदार कळस, चक्क पिळलेला आहे, वर एका बाजूला झुकलेलापण. इथे सैतानाची गोष्ट सांगतात, की तो स्पायरवर शेपटी गुंडाळून बसला होता आणि धुपाच्या वासाने जोरात शिंकला. ते ठीकच, पण खरं कारण काय? मुद्दाम असा बांधलाय का? आईबाबा येतायत, त्यांना दाखवायचंय, त्यामुळे आत काय बघावं तेही सांगा.

पूल_बांधणारा
मुद्दाम अजिबात नाही. स्पायर साधारण १३६२ चा, आत ओकचा सांगाडा, वरून शिशाचे पत्रे, जमिनीपासून टोकापर्यंत उंची २२८ फूट. शिसं जवळपास ३३ टन आहे आणि सांगाडा एवढं वजन पेलायला केलेलाच नव्हता, त्यात तिरपे टेकू कमी. शिवाय दक्षिणेकडे दिवसा ऊन लागतं, तिकडचं शिसं उत्तरेकडच्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, रात्री परत आकसतं, आणि हे रोज, शतकानुशतकं. आज पीळ ४५ अंशांचा आहे आणि टोक मध्यापासून साडेनऊ फूट सरकलंय. कामाआधी १२-१४ वर्षं प्लेग येऊन गेला होता त्यात कुशल कारागीर गेले असावेत असंही म्हणतात, आणि लाकूड ओलं वापरलं.

रंधा_करवत
दादा, बाकी पटलं पण ओल्या लाकडावर सगळा दोष टाकू नका. त्या काळी इंग्लंडमधे ओक ओलाच वापरायचे, कारण वाळलेला ओक इतका कडक होतो की हत्यार चालत नाही. ओल्यातच सांधे कापायचे, लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि मग लाकूड जागेवरच वाळू द्यायचं. तशी कितीतरी छपरं अजून सरळ उभी आहेत. वाळताना लाकूड पिळणारच, त्याला धरून ठेवायला तिरपे टेकू लागतात, ते इथे पुरेसे नव्हते, खरी गोम तिथे आहे. आणि अजून एक, स्पायर अष्टकोनी आहे पण पत्रे हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट तिरपे लावलेत, त्यामुळे ८ च्या जागी १६ बाजू असल्यासारखं वाटतं आणि माझ्या मते पीळ आहे त्याहून जास्त दिसतो.

दगडधोंडे
"उभा कसा" ते राहिलंच. स्पायर टॉवरला कुठे जखडलेला नाही, स्वतःच्या वजनावर बसलाय. साडेनऊ फूट ऐकायला खूप वाटतं पण ते टोकाचं, आणि वजन मुख्यतः खालच्या रुंद भागात, त्यामुळे एकूण भार अजून टॉवरच्या आतच पडतो. खरा धोका आगीचा. २२ डिसेंबर १९६१ ला चर्चमधे आग लागली, उत्तरेकडचा ट्रान्सेप्ट (क्रॉसच्या आकाराच्या चर्चचा आडवा हात) आणि जुना ऑर्गन गेला, पण स्पायर वाचला. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि आत सगळा कोरडा ओक, ज्वाळा तिथवर गेल्या असत्या तर काहीच उरलं नसतं, मला तर त्याचा विचारही करवत नाही.
ताई, आत गेल्यावर आधी टॉवरच्या बरोब्बर खाली उभं राहायचं, चर्च क्रॉसच्या आकाराचं आहे त्यामुळे चारही बाजू तिथून कळतात. मग लेडी चॅपलमधल्या (चर्चमधला मेरीमातेचा छोटा प्रार्थनाकक्ष) फोल्जम घराण्याच्या अलाबास्टरच्या, म्हणजे मऊ पांढरट दगडाच्या, समाध्या बघा, कोरीव काम निवांत बघण्यासारखं आहे.

शेफील्डवासी
खूप खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. बाबांना रेल्वेचं वेड आहे, रेल्वेचे जनक म्हणतात त्या जॉर्ज स्टीफन्सनची कबर याच चर्चमधे ना?

दगडधोंडे
नाही, ती गावातल्याच होली ट्रिनिटी चर्चमधे. टॉवरची टूर असेल तर घ्या, पण जिना अरुंद आणि गोल आहे, आईच्या गुडघ्यांना झेपेल का ते आधी विचारा.

रंधा_करवत
आणि एकाच बाजूने बघून निघू नका, चर्चला पूर्ण चक्कर मारा, प्रत्येक कोपऱ्यावरून कल वेगळा दिसतो.