हॅचरीतून पिल्लं सोडतात ना, मग धरणं कशाला फोडायची?

वलगणवाली:
आम्ही वर्षभरापूर्वी सिअ‍ॅटलजवळ इसाक्वाला राहायला आलो. ऑक्टोबरात पोरांना सॅमन हॅचरी दाखवली, म्हणजे समुद्रातून नदीत अंडी घालायला चढणाऱ्या सॅमन माशांची अंडी उबवून पिल्लं नदीत सोडायचं केंद्र. काचेआड हे थोराड मासे, शेपट्या झिजून पांढऱ्या पडलेल्या. मला माणगावची वलगण आठवली, पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे मासे. इथले रानटी चिनूक (सॅमनचीच एक जात) १९९९पासून संकटग्रस्त यादीत आहेत म्हणे. मग हॅचऱ्या वाढवाव्यात. मग इथल्याच वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवर सुमारे ३२.५ कोटी डॉलर घालून दोन धरणं पाडण्याची काय गरज होती?

खाडीकाठ:
ताई, मी मूळ संगमेश्वरचा, आम्ही 'चढणीचे मासे' म्हणतो. एल्वा माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे.

तुमचा उपाय तिथे शंभर वर्षांपूर्वीच करून झालाय! १९१३चं खालचं धरण समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटरवर. माशांना वाट ठेवायचा कायदा होता, पण ती न ठेवता बदल्यात हॅचरी बांधली. १९२२मध्ये ती बंद पडली, धरण मात्र राहिलं.

मादी शेपटीने खडी उकरून त्यात गाबोळी सोडते आणि वरून परत खडी लोटते. ती खडी धरणामागे अडकली. खाली उरले मोठाले गोटे, त्यात कोण उकरणार? २०११ ते २०१४मध्ये धरणं पाडली तेव्हा मी रोज बघायला जायचो. पाणी नुसतं चहासारखं. बायको म्हणाली, नदीची वाट लावली यांनी. आता मुखाशी वाळूचा किनारा आहे, पूर्वी तिथे चालताना घोटे मुरगळायचे.

शिवाय टाकीतलं पिल्लू खाणं पडलं की वर झेपावतं. नदीत तेच केलं तर बगळ्याच्या तोंडी. पिढ्यान्‌पिढ्या अशीच निवडली गेली आणि रानटी माशांत मिसळली तर रानटी वाणही बिघडतो.

नुसताच_वाचक:
काका, पूर्ण सांगा. गाळ वाहत होता त्या वर्षांत वाण टिकवायला तिथल्या क्लालम या मूळ रहिवासी जमातीची हॅचरीच कामी आली.

खाडीकाठ:
मान्य. त्यावरून इथे कोर्टकचेरीही झाली. पण मासेमारी बंद ठेवून बारा वर्षं कळ काढली, ती त्या लोकांनीच. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यांनी एल्वात पुन्हा कोहो जातीचे सॅमन धरले.

ताई, शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक बारका मांसल पर असतो. हॅचरीच्या बहुतेक पिल्लांचा तो ओळखीसाठी कापतात. तुमच्या फोटोत बघा.

मोरीवाला:
धरणंच कशाला, रस्त्याखालच्या मोऱ्याही आहेत. पाइपाचं तोंड पाण्याच्या वर लटकलं की मासा उडी मारून दमतो. इथल्या २१ मूळ रहिवासी जमातींनी वॉशिंग्टन राज्यावर खटला भरला, २०१८मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. राज्य अजून मोऱ्या बदलतंय.

वलगणवाली:
फोटो मोठा करून पाहिला. चारातल्या तिघांना तो पर नाही. चौथ्याच्या पाठीवर माझ्या लेकाचं बोट आलंय.

आणि मोरीचं वाचून आठवलं, आमच्या शेताकडच्या नव्या रस्त्याला सिमेंटचा पाइप टाकलाय, ओढ्यापासून हातभर वर. यंदा वलगण चढली का, ते आईला फोन करून विचारते.