'उपजत', 'निष्क्रिय' की 'आयती'? आईकडून बाळाला मिळणारी प्रतिकारशक्ती

प्रश्न:
गरोदरपणातल्या हिवतापावर एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. विषय आफ्रिकेतला, गॅम्बिया-मलावीतल्या अभ्यासांवरचा. 'हिवतापामुळे बाळाची उपजत प्रतिकारशक्ती कमी होते' असं मी लिहिलं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'उपजत' खोडून 'निष्क्रिय' केलं. निष्क्रिय शक्ती म्हणजे काम न करणारी शक्ती ना?

प्रतिसाद:
खोडलं ते बरोबर. घातलं ते पाठ्यपुस्तकातलं, इंग्रजी 'पॅसिव्ह'चं शब्दशः भाषांतर. उपजत म्हणजे अंगचीच. इथे विषय आहे आईच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचा (अँटिबॉडीज). गोवर, धनुर्वात यांच्याविरुद्धची ही प्रतिपिंडं मुख्यतः शेवटच्या तिमाहीत वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडे जातात, काही महिने पुरतात आणि संपतात. ती बनवायला बाळाने काहीच केलेलं नसतं. म्हणजे निष्क्रिय असलंच तर बाळ, शक्ती नव्हे! मी 'आयती प्रतिकारशक्ती' लिहीन.

'कमी होते' हेही ढोबळ आहे. फॅल्सिपेरम या जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापात परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी वारेत चिकटून बसतात. कोंड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला धरून त्या तिथे ठाण मांडतात, हे फ्राइड आणि डफी या संशोधकांनी १९९६मध्ये दाखवलं. पहिलटकरणीला धोका जास्त, कारण अशा पेशींना तोंड देणारी प्रतिपिंडं बाळंतपणागणिक वाढत जातात. पेशी अशा चिकटून बसल्याने वारेला सूज येते. शिवाय सततच्या हिवतापाने आईच्या रक्तातलं एकूण आयजीजी (वारेतून जाणारा प्रतिपिंडांचा प्रकार) इतकं वाढतं, की वारेतल्या वाहून नेणाऱ्या ग्राहक-रेणूंपाशी (रिसेप्टर) गर्दी होते आणि गोवराची प्रतिपिंडं मागे राहतात. आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही, असा उलटा प्रकार. तेव्हा कमी होतं ते 'पोचणं'.

दुसरा प्रतिसाद:
'नाळेतून' मात्र लिहू नका, वर्तमानपत्रं सर्रास लिहितात. नाळ ही दोरी. देवाणघेवाण होते ती वारेत. सरकारी पुस्तकांत 'अपरा' असते, पण सुईणीने 'अपरा पडली का?' विचारल्याचं कुणी ऐकलंय का? 'जार' गुरांसाठी राहू द्या. आणि 'प्रतिपिंड'च्या जागी 'प्रतिजैविक' घुसू देऊ नका, ते औषध.

प्रश्नकर्ती:
'आयती' जरा हिणवल्यासारखं नाही का वाटत? आयतोबा, आयतं खाणारा...

पहिला प्रतिसाद पुन्हा:
वाटू शकतं. बायकांच्या हाती जाणारा मजकूर असेल तर सरळ 'आईकडून मिळालेली' लिहा, वैद्यकीय लेखात 'आयती' चालेल. 'आनुवंशिक' मात्र चुकूनही नको; हा काही महिन्यांत सरणारा साठा, जनुकांचा वारसा नव्हे.

तिसरा प्रतिसाद:
चिकाचं दूध यात मिसळू नका. चिकातलं आयजीए (प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार) मुख्यतः बाळाच्या आतड्यात काम करतं, रक्तातला साठा वारेतूनच येतो. लेखात 'मातेकडून' एवढंच असेल तर कुठल्या वाटेने ते मूळ मजकुरात बघून घ्या.

प्रश्नकर्ती:
तर मग: 'गरोदरपणात हिवताप झाल्यास आईची काही प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत कमी पोचू शकतात.'

दुसरा प्रतिसाद:
चालेल. 'काही' आणि 'शकतात' कुणी काटले तर भांडा. सगळ्या रोगांच्या प्रतिपिंडांवर सारखा परिणाम दिसत नाही आणि सगळे अभ्यासही एकमुखाने बोलत नाहीत.