मदत हवी आहे: वसई-विरारमध्ये मुलीसाठी जागा

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावजवळच्या खानापूरचे. मुलीला अंधेरीच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी लागली आहे. अंधेरीचं भाडं परवडत नाही, म्हणून सगळे वसई-विरार सुचवतात.

माझ्या मनात वसई म्हणजे 1739 साली चिमाजी अप्पांनी घेतलेला किल्ला, एवढंच होतं. गेल्या महिन्यात दादरला उतरून लोकलने गेले तेव्हा वेगळंच गाव दिसलं. बाजारात कोळणी, सुकेळी (वाळवलेली केळी) विकणाऱ्या बायका, तिथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या आजी, गुजराती दुकानदार, उत्तर भारतीय रिक्षावाले. आजींची बोली मला अर्धीच कळली, पण कानाला गोड लागली. आमच्याकडे मराठी-कन्नड एका दमात बोलतात, त्यामुळे मुलगी तिथे रुळेल असं वाटलं. वसई, नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर मिळून 2009 पासून एकच महानगरपालिका आहे, पण स्टेशन बदललं की वस्तीचा तोंडवळाच बदलतो.

आता काळजी दोन गोष्टींची. रात्रपाळी संपवून पहाटे एकटी परतायला पूर्व बरी की पश्चिम? आणि 2018 च्या जुलैत रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या होत्या, तसं कुठल्या भागात जास्त होतं?

ब्रोकरने दाखवलेल्या खोलीत नळ कोरडा होता, मोरीत निळं पिंप भरून ठेवलेलं. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी असल्याचा दाखला) मागितलं तर तो विषय बदलायला लागला. ते महापालिकेत कुठे तपासायचं? तिथे राहणाऱ्या बेळगाव-खानापूरच्या ताई-दादांनी कृपया सांगा. पुढच्या महिन्यात तिला रुजू व्हायचं आहे.