आधी समोरचा श्रोता
बँडला श्रोते हवे असतील तर रील्स टाकत राहा, गर्दी आपोआप येईल, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. रील बघणारा पुढे सरकतो. तासभर स्टेजसमोर उभा राहिलेला माणूस मात्र बँडचा होऊन जातो. शेवटचं गाणं संपलं की लगेच खाली उतरा, त्याच्याशी बोला, क्यूआर कोड दाखवून ईमेल मागून घ्या. ती यादी कुठल्याच अल्गोरिदमच्या मर्जीवर नसते.

आणि नवं गाणं आणताना कृपया घाई करू नका. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून, म्हणजे स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या अ‍ॅपमधून, किमान ७ दिवस आधी पिच केलेलं (प्लेलिस्टसाठी सुचवलेलं) गाणं फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये जातं. एकदा प्रदर्शित झाल्यावर पिच करताच येत नाही. शिवाय २०२४पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम्स नसतील, तर तिथे त्या गाण्याची रॉयल्टीही मिळत नाही.