मदत हवी आहे: 'आर्निका'च्या अर्कात हेलेनालिन सापडत नाही

उंबरठा: मी स्पेनमध्ये सारागोसा येथे पारंपरिक औषधी वनस्पतींवर छोटा प्रकल्प करीत आहे. येथील लोक 'आर्निका' (मुक्या मारावर लावायची औषधी वनस्पती) म्हणून वापरतात त्या रानटी वनस्पतीच्या वाळलेल्या फुलांचा मिथेनॉलमध्ये अर्क काढला, परंतु टीएलसी पट्टीवर (अर्कातील घटक डागांच्या रूपात वेगळे करणारी पट्टी) हेलेनालिन या आर्निकातील घटकाच्या स्टँडर्डच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या शुद्ध नमुन्याच्या, उंचीवर एकही डाग उमटत नाही. तीन वेळा करून पाहिले. शुक्रवारी मार्गदर्शकांना निकाल दाखवायचा आहे. द्रावक बदलावा की फवारणीचा अभिकर्मक, एवढेच कृपया लवकर सांगावे.

मुळाक्षर: फुले कोठून आणली? दुकानातून, की स्वतः तोडून? किती ग्रॅम फुलांना किती मिथेनॉल घेतले? हे कळल्याशिवाय द्रावकाबद्दल बोलणे व्यर्थ आहे.

घाटपायथा: मी काही वर्षे आर्निकाच्या मलमांची गुणवत्ता तपासली आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो की तुमच्या पद्धतीत दोष नाही. स्पेनमधील आर्निका मोंटाना, म्हणजे खऱ्या आर्निकाच्या, काही समूहांत हेलेनालिनऐवजी डायहायड्रोहेलेनालिनचे एस्टर अधिक असतात. हेलेनालिनच्या लॅक्टोन वलयाला बाहेरून जोडलेला जो मिथिलीन गट प्रथिनांतील सिस्टीनच्या गंधक-गटाला चिकटतो, तो यात नसतो, म्हणून त्वचेला ॲलर्जी होण्याचा धोकाही कमी राहतो. युरोपीय औषधकोशही एकूण सेस्क्विटर्पीन लॅक्टोनचे (हेलेनालिन ज्या गटात येते त्या पदार्थांचे) किमान 0.40 टक्के हे प्रमाण डायहायड्रोहेलेनालिन टिग्लेटच्या हिशेबाने मोजतो. टीएलसीचा नाद सोडा आणि एचपीएलसी (यंत्राने घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) करून घ्या.

निवडुंग: घाटपायथा यांचे रसायनशास्त्र बरोबर आहे, परंतु समोरची वनस्पती आर्निका मोंटानाच आहे हे त्यांनी गृहीत धरले आहे. ती आम्लधर्मी जमिनीत वाढते. वायव्य स्पेनमधील गालिसियाच्या कुरणांत मुबलक आढळते आणि चुनखडी टाळते. सारागोसाच्या दक्षिणेला मोठा भाग चुनखडीचाच आहे. शिवाय स्पेनमध्ये पिवळ्या फुलांच्या सूर्यफूल कुळातील कितीतरी वनस्पतींना लोक 'आर्निका'च म्हणतात: इनुला मोंटाना, डिट्रिकिया व्हिस्कोसा, कड्यांवरची हासोनिया ग्लुटिनोसा, आणि आणखीही. आधी वनस्पती ठरवावी, मग रसायन शोधावे.

घाटपायथा: नावांचा घोळ मान्य, पण प्रश्नकर्त्याने 'आर्निका' असे स्पष्ट लिहिले आहे. जे लिहिले आहे त्यावरच उत्तर द्यावे लागते.

चाफेकळी: मुका मार लागला असेल तर हळद आणि तूप गरम करून लावावे, माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याची सूज अशीच उतरली. तिकडून आर्निकाचे तेल मागवता येईल का? केसांसाठीही हवे होते.

पोथीवाचक: या निमित्ताने आठवले की क्रिस्तोबाल आकोस्ता हा वैद्य गोव्यात येऊन गेला होता आणि हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा स्पॅनिश ग्रंथ 1578 साली बुर्गोस येथे छापला गेला. स्पेनचा आपल्या वनस्पतींशी संबंध एवढा जुना आहे.

मुळाक्षर: माहिती रोचक आहे, पण धागाकर्त्याचा शुक्रवार जवळ येतो आहे. माझे प्रश्न अजून अनुत्तरितच आहेत.

उंबरठा: मला वाटले होते की हे सांगण्याची गरज नाही. दहा ग्रॅम फुलांना शंभर मिलिलिटर मिथेनॉल घेतले. फुले माझ्या घरमालकीण आजींनी जुलैमध्ये सारागोसाच्या दक्षिणेकडील तेरुएलजवळच्या त्यांच्या गावातील कड्याच्या भेगांतून तोडली होती. झुडूप बोटांना चिकटते आणि त्याला कापरासारखा वास येतो. फुले पिवळी आहेत, पण त्यांना पाकळ्या नाहीत, नुसत्या गोल गाठी दिसतात. आजी तिचा चहा करून रोज जेवणानंतर पितात.

निवडुंग: पितात! हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. आर्निका मोंटाना पोटात घेण्यासारखी वनस्पती नाही, कारण हेलेनालिन विषारी आहे. ती केवळ बाहेरून, तीही अखंड त्वचेवर लावतात. मात्र तुमच्या वर्णनावरून ही हासोनिया ग्लुटिनोसा दिसते, जिला आरागॉनमध्ये (सारागोसा व तेरुएल ज्यात येतात तो प्रदेश) 'ते दे रोका', म्हणजे खडकावरचा चहा, असेही म्हणतात आणि पचनासाठी पितात. आर्निका मोंटानाच्या फुलाला कडेने मोठ्या पिवळ्या जिभांसारख्या पुष्पिका असतात आणि तिची खोडावरची पाने समोरासमोर येतात. हासोनियाला त्या जिभा नसतात, पाने एकाआड एक असतात आणि ती चुनखडीच्या कड्यावरच रुजते. तिच्या सुगंधी तेलात कापूर व बोर्निऑल असतात, अर्कात कॅफिऑइलक्विनिक आम्ले मिळतात, आणि कुटड्ट्रिऑल, ल्युसिनोन, ग्लुटिनोन ही तिची सेस्क्विटर्पिने आहेत. हेलेनालिनचा डाग न येणे हा तुमचा दोष नसून तेच तुमचे निरीक्षण आहे.

घाटपायथा: वर्णन आधी मिळाले असते तर मीही हेच म्हटले असते. तरीही एचपीएलसी करावीच, कारण डोळ्यांनी केलेली ओळख औषधकोशाला चालत नाही.

निवडुंग: एचपीएलसीने रसायन कळेल; वनस्पतीचे नाव पाना-फुलांवरूनच ठरते.

उंबरठा: आजींकडे पानांसह फांद्या शिल्लक आहेत. त्या कोणाला दाखवाव्यात? विद्यापीठाच्या विभागात वर्गीकरणाचे जाणकार सध्या रजेवर आहेत.

मुळाक्षर: फूल, पान आणि खोड एकत्र असलेली एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा. गावाचे नाव, उंची, खडकाचा प्रकार आणि तोडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहा. पिरेनीजमधील हाका येथील वनस्पतिसंग्रहालयात आरागॉनच्या वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत. तेथे आज छायाचित्रांसह पत्र पाठवा. शुक्रवारी टीएलसी पट्टी आहे तशीच दाखवा आणि शेजारी क्लोरोजेनिक आम्लाचा (वर आलेल्या कॅफिऑइलक्विनिक आम्लांपैकी एक) स्टँडर्ड चालवून ठेवा.